चिपवरील प्रोसेसर-कोअरमधील प्रकाशीय जोडणी : एक ऊर्जाविषयक विवेचन

गोषवारा : एकाच चिपवर अनेक कोअर बसवले की त्यांच्यातील माहितीची ने-आण हा गणनेच्या बरोबरीचा, कित्येकदा तिच्याहून मोठा खर्च होऊन बसतो. तांब्याच्या तारेऐवजी प्रकाशाने ही ने-आण करावी, हा विचार १९८४ पासून गांभीर्याने मांडला जात आहे. या विचारामागील भौतिक कारण, त्यासाठी लागणारी साधने आणि एवढ्या वर्षांनंतरही प्रकाश चिपच्या कडेपाशीच का थांबला आहे, यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

बीजसंज्ञा : बहुकोअर प्रोसेसर, तरंगमार्ग, अनुस्पंदी वलय, लेसर, ऊर्जा प्रति बिट.

प्रस्तावना :

पदवीच्या तिसऱ्या वर्षाला इलेक्ट्रॉनिक्स शिकवताना ‘चिपमध्ये तारेऐवजी प्रकाश का वापरावा?’ असा प्रश्न वर्गात विचारला, तर उत्तर बहुधा एकच येते : प्रकाश सर्वांत वेगवान आहे म्हणून. वृत्तपत्रांतील विज्ञानविषयक मजकुरातही हेच कारण दिलेले आढळते. हे उत्तर चूक आहे असे म्हणण्यापेक्षा ते मुद्द्याला धरून नाही, असे म्हणणे अधिक योग्य होईल. सिलिकॉनच्या अतिसूक्ष्म तरंगमार्गातून जाणारा प्रकाशाचा संकेत निर्वातातील वेगाच्या सुमारे एकचतुर्थांश वेगाने पुढे सरकतो. म्हणजे एक सेंटीमीटर जाण्यास त्याला साधारण १४० पिकोसेकंद लागतात. चिपची एक बाजू २ सेंटीमीटर धरली तर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत २८० पिकोसेकंद झाले; आणि ३ गिगाहर्ट्झच्या प्रोसेसरमध्ये क्लॉकचा एक ठोका असतो सुमारे ३३३ पिकोसेकंदांचा. या प्रवासात विद्युत संकेताचे प्रकाशात आणि प्रकाशाचे पुन्हा विद्युत संकेतात रूपांतर करण्याचा वेळही मिळवावा लागतो. तो मिळवला की थोड्या मिलिमीटरच्या अंतरावर प्रकाशाची आघाडी संपून जाते. सेंटीमीटरच्या अंतरावर ती उरते खरी, परंतु ‘प्रकाशाचा वेग’ या शब्दांनी मनात जी अपेक्षा उभी राहते, तिच्या मानाने ती फारच माफक आहे.

मग संशोधकांनी या विषयावर इतकी वर्षे का घालवली? त्याचे उत्तर ऊर्जेच्या हिशेबात आहे. हा हिशेब फळ्यावर मांडता येण्याइतका सोपा आहे. आमच्यासारख्या महाविद्यालयात चिप घडवण्याची सोय नाही. पण हा हिशेब करण्यासाठी तिची आवश्यकताही नाही.

तारेची अडचण :

१९७४ मध्ये आयबीएमचे रॉबर्ट डेनार्ड व त्यांचे सहकारी यांनी असे दाखवून दिले की ट्रान्झिस्टरची मापे आणि विद्युतदाब एकाच प्रमाणात कमी करत गेल्यास तो अधिक वेगवान होतो, आणि तेवढ्याच क्षेत्रफळात खर्च होणारी शक्ती मात्र वाढत नाही. पुढील तीन दशके संगणक-उद्योग या नियमावर सुखाने चालला. तारेला मात्र हा नियम लाभदायक नाही. तारेची रुंदी व जाडी दोन्ही निम्म्या केल्या, तर काटछेदाचे क्षेत्रफळ चौथाई होते आणि दर मिलिमीटरचा रोध चौपट होतो. शेजारच्या तारांमधील अंतरही त्याच प्रमाणात घटत असल्याने दर मिलिमीटरची धारिता जवळजवळ तेवढीच राहते. रोध आणि धारिता यांच्या गुणाकारावर विलंब अवलंबून असतो. म्हणजे ट्रान्झिस्टर जसजसा चपळ झाला, तसतशी त्याला जोडणारी तार अधिकाधिक मंद होत गेली. १९९७ मध्ये आयबीएमने ॲल्युमिनिअमऐवजी तांब्याच्या तारा आणल्या, तेव्हा काही काळ दिलासा मिळाला. लांब तारेत ठरावीक अंतरावर पुनरावर्धक बसवण्याचा उपायही सर्रास वापरला जातो. पण प्रत्येक पुनरावर्धक स्वतःची वीज खातो.

२००४-०५ च्या सुमारास डेनार्ड यांचा नियम व्यवहारात टिकेनासा झाला. विद्युतदाब आणखी खाली आणता येईना, आणि उष्णता हाताबाहेर जाऊ लागली. परिणामी एकच कोअर अधिक वेगाने पळवण्याचा मार्ग सोडून एका चिपवर अनेक कोअर बसवण्याकडे उद्योग वळला. आयबीएमच्या पॉवर-४ या प्रोसेसरने २००१ मध्येच दोन कोअर एका चिपवर आणले होते. २००५ पासून घरगुती संगणकांतही ते दिसू लागले.

कोअर दोन-चार असतील तर त्यांना एका सामाईक बसवर बसवता येते. ते पन्नास-साठ झाले की बसवर गर्दी होते. त्यामुळे चिपवरच लहानसे जाळे उभारावे आणि टपालाच्या पाकिटांप्रमाणे माहिती एका नाक्यावरून दुसऱ्या नाक्यावर पाठवावी, अशी मांडणी विल्यम डॅली व ब्रायन टाऊल्स यांनी २००१ मध्ये केली. आज हीच पद्धत रूढ आहे. तिची किंमतही मोजली गेली आहे. इंटेलने २००७ मध्ये ८० कोअरची एक संशोधन-चिप सादर केली. तिच्या रचनेत इंटेलच्या बंगळूरु येथील अभियंत्यांचाही सहभाग होता. या चिपच्या प्रत्येक घरातील शक्तीपैकी सुमारे २८ टक्के शक्ती केवळ जाळ्यावर खर्च होत असे. शंभर रुपयांच्या मालासाठी अठ्ठावीस रुपये हमाली द्यावी लागावी, तसाच हा प्रकार.

प्रकाश नेमके काय वाचवतो :

चिपवरील तारेची धारिता दर सेंटीमीटरला सुमारे २ पिकोफॅरड असते. तिच्या एका टोकाला ‘१’ पाठवायचा तर दुसऱ्या टोकापर्यंतची संपूर्ण तार प्रभारित करावी लागते. दाब १ व्होल्ट असेल तर एक सेंटीमीटर तारेसाठी पुरवठ्यातून २ पिकोज्यूल ऊर्जा घ्यावी लागते. यादृच्छिक माहितीत ‘०’ वरून ‘१’ वर जाण्याची वेळ सरासरी चार बिटांत एकदा येते, म्हणून दर बिटामागे ०.५ पिकोज्यूल. त्यात पुनरावर्धकांची स्वतःची धारिता मिळवली तर दर सेंटीमीटरला, दर बिटामागे १ पिकोज्यूलच्या आसपास खर्च येतो. येथे ‘दर सेंटीमीटरला’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. अंतर दुप्पट झाले की खर्च दुप्पट होतो.

प्रकाशीय जोडणीत हे बंधन नाही. त्यामागचे कारण डेव्हिड मिलर यांनी १९८९ मध्ये, बेल प्रयोगशाळेत असताना, फार स्वच्छपणे मांडले. तारेच्या दुसऱ्या टोकाला जो दाब हवा, तोच दाब तारेच्या संपूर्ण लांबीत निर्माण करणे विद्युत पद्धतीत भाग पडते. याउलट प्रकाश-संवेदक प्रकाशलहरीतील दाब मोजत नाही. तो फोटॉन मोजतो. एक फोटॉन शोषला की एक इलेक्ट्रॉन मोकळा होतो. पुरेसे इलेक्ट्रॉन जमले की संवेदकाच्या स्वतःच्या अल्पशा धारितेवर हवा तो दाब मिळतो. मधला मार्ग किती लांब आहे, याच्याशी त्या दाबाचा संबंध राहत नाही. प्रभारित करायचा असतो तो फक्त दोन्ही टोकांचा चिमूटभर भाग. वाटेतील प्रकाशाची घट सोडली, तर एक सेंटीमीटर आणि दहा मीटर यांच्या खर्चात फरक पडत नाही.

दुसरा लाभ दाटीचा. एका तारेतून एका वेळी एकच संकेत जातो. एकाच तरंगमार्गातून मात्र किंचित निरनिराळ्या तरंगलांबीचे अनेक संकेत एकमेकांत न मिसळता जाऊ शकतात. मुंबईच्या किनाऱ्याला लागणाऱ्या सागरी केबलींत हेच तत्त्व काम करते. फरक इतकाच की तेथे अंतर हजारो किलोमीटरचे आणि येथे मिलिमीटरचे.

जोसेफ गुडमन व त्यांच्या सहलेखकांनी १९८४ मध्ये चिपसाठी प्रकाशीय जोडणीचा पहिला सविस्तर विचार प्रसिद्ध केला, तेव्हा कल्पना त्यांच्यासमोर होती. नव्हती ती साधने.

सिलिकॉनवरील साधने :

सिलिकॉन प्रकाशाच्या बाबतीत अडेल पदार्थ आहे. त्याच्या ऊर्जापट्ट्यांची रचना अप्रत्यक्ष प्रकारची असल्याने त्यातील इलेक्ट्रॉन खाली उतरताना प्रकाशाऐवजी बहुतेक वेळा उष्णताच देतो. म्हणून सिलिकॉनचा साधा, विजेवर चालणारा लेसर करता येत नाही. २००४ मध्ये बहराम जलाली यांच्या कॅलिफोर्नियातील गटाने आणि २००५ मध्ये इंटेलने सिलिकॉनमधून लेसर मिळवून दाखवला खरा. पण रामन परिणामावर आधारलेल्या त्या लेसरला चालवण्यासाठी बाहेरून दुसरा लेसर लागत असे. (सर चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२८ मध्ये शोधलेला परिणाम येथे असा कामी आला, हे जाता जाता नमूद करावेसे वाटते.) विजेवर चालणारा व्यवहार्य मार्ग २००६ मध्ये सांता बार्बरा येथील जॉन बोवर्स यांचा गट व इंटेल यांनी दाखवला. त्यांनी इंडिअम फॉस्फाइडवर आधारित पदार्थाचा थर सिलिकॉनवर चिकटवला. प्रकाश देण्याचे काम त्या थराचे आणि तो वाहण्याचे काम सिलिकॉनचे.

वाहण्याच्या बाबतीत सिलिकॉन उत्तम आहे. १.५५ मायक्रोमीटर तरंगलांबीला तो पारदर्शक असतो. त्याचा अपवर्तनांक सुमारे ३.५ आणि भोवतालच्या सिलिकॉन डायऑक्साइडचा सुमारे १.४४. या मोठ्या तफावतीमुळे अर्धा मायक्रोमीटर रुंद पट्टीतही प्रकाश कोंडून राहतो आणि काही मायक्रोमीटर त्रिज्येच्या वळणावरूनही बाहेर न सांडता वळतो. शोषणासाठी जर्मेनिअम वापरतात, कारण जो पदार्थ पारदर्शक आहे तो संवेदक होऊ शकत नाही.

राहिला प्रश्न प्रकाशावर माहिती उमटवण्याचा. रिचर्ड सोरेफ व ब्रायन बेनेट यांनी १९८७ मध्ये दाखवले की सिलिकॉनमधील मुक्त प्रभारवाहकांची संख्या बदलली की त्याचा अपवर्तनांक किंचित बदलतो. हा बदल इतका अल्प असतो की त्याचा परिणाम साठवण्यासाठी मॉड्युलेटर मिलिमीटरभर लांब करावा लागे. चिपच्या दृष्टीने ती लांबी म्हणजे अंगणात मावणार नाही असा वाडाच. कॉर्नेल विद्यापीठातील मिकाल लिप्सन यांच्या गटाने २००५ मध्ये यातून वाट काढली. त्यांनी तरंगमार्गाशेजारी अवघ्या १२ मायक्रोमीटर व्यासाचे सिलिकॉनचे वलय ठेवले. वलयाच्या परिघात ज्या प्रकाशाच्या तरंगलांबी पूर्ण संख्येने बसतात, तोच प्रकाश त्यात अनुस्पंदनाने शिरतो; बाकीचा सरळ पुढे जातो. वलयात प्रभारवाहक सोडले की अनुस्पंदनाची तरंगलांबी सरकते आणि आधी अडलेला प्रकाश पुढे जाऊ लागतो. झोपाळ्याला नेमक्या वेळी दिलेला अगदी हलका झोकाही मोठे हेलकावे निर्माण करतो, त्याप्रमाणे येथे अल्प बदल पुन्हा पुन्हा साठून परिणामकारक होतो.

परंतु जे वलय अपवर्तनांकाच्या अल्पशा बदलाला इतके संवेदनशील आहे, ते तापमानालाही तितकेच संवेदनशील असणार. त्याची अनुस्पंदनाची तरंगलांबी दर अंश सेल्सिअसला ०.१ नॅनोमीटरपर्यंत सरकते. शेजारशेजारच्या वाहिन्यांत ०.८ नॅनोमीटरचे अंतर ठेवले असेल, तर साधारण १० अंशांच्या फरकाने एक वाहिनी दुसरीच्या जागी जाऊन बसते. प्रोसेसरवर काम वाढले की एवढा फरक सहज पडतो. म्हणून प्रत्येक वलयाजवळ एक सूक्ष्म तापक ठेवून त्याचे तापमान सतत सांभाळावे लागते. जी चिप थंड ठेवण्यासाठी एवढा खटाटोप करायचा, तिच्यावरच शेगड्या मांडायच्या!

कागदावरील आराखडे :

२००७-०८ या काळात अनेक गटांनी संपूर्ण चिपचे आराखडे प्रसिद्ध केले. त्यांपैकी ह्यूलेट-पॅकार्ड व सहकारी संशोधकांचा ‘कोरोना’ हा २००८ मधील आराखडा सर्वाधिक चर्चिला गेला. त्यात २५६ कोअर चार-चारांच्या ६४ गटांत विभागून प्रत्येक गट दुसऱ्या प्रत्येक गटाशी प्रकाशाने थेट जोडण्याची कल्पना होती. एका तरंगमार्गात ६४ तरंगलांब्या आणि एकूण सुमारे १० लाख वलये. येथे वाचकाने थोडे थांबावे. प्रत्येक वलय जागेवर ठेवण्यासाठी सरासरी केवळ २० मायक्रोवॅट लागतात असे मानले, तरी १० लाख वलयांचे २० वॅट होतात. आणि हे एकही बिट पाठवण्यापूर्वी. २०१७ च्या सुमारास उपलब्ध होणाऱ्या तंत्रज्ञानासाठी आखलेली ही चिप कागदावरच राहिली.

कोलंबिया विद्यापीठातील केरेन बर्गमन, असाफ शाचम आणि लुका कार्लोनी यांनी निराळी वाट धरली. प्रकाश नाक्यावर थांबवून ठेवता येत नाही, हे या क्षेत्रातील मूलभूत वास्तव आहे. विद्युत संकेत स्मृतिपेशीत घालून रांगेत उभा करता येतो. फोटॉनला तशी रांग नाही. म्हणून त्यांनी असे सुचवले की आधी विद्युत जाळ्यातून एक लहान संदेश पाठवून मार्ग राखून ठेवावा आणि मग मोठी माहिती प्रकाशाने एका दमात न्यावी. कल्पना सुबक आहे, पण मार्ग राखण्याचा वेळ पाहा. ८×८ जाळ्यात एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जाण्यास १४ टप्पे लागतात. प्रत्येक टप्प्याला तीन ठोके धरले तर ४२ ठोके, म्हणजे ३ गिगाहर्ट्झला १४ नॅनोसेकंद. कोअर एकमेकांकडे बहुधा ६४ बाइटची, म्हणजे ५१२ बिटांची ओळ मागतात. ६४ तरंगलांब्यांवर प्रत्येकी सेकंदाला १० गिगाबिट गेले, तर ही ओळ ०.८ नॅनोसेकंदात पोहोचते. एका मिनिटाच्या कामासाठी सतरा-अठरा मिनिटे रांगेत उभे राहण्यासारखे हे झाले. मोठमोठे गठ्ठे पाठवायचे असतील तरच ही पद्धत परवडते, आणि तसे तिच्या कर्त्यांनीही प्रामाणिकपणे मांडलेले आहे.

लेसरचा हिशेब :

माझ्या मते या विषयातील खरा पेच लेसरच्या वीजबिलात आहे. आकडे उदाहरणादाखल घेऊ. सेकंदाला १० गिगाबिट वाचण्यासाठी संवेदकावर १० मायक्रोवॅट प्रकाश पडला पाहिजे, असे समजा. वाटेत प्रकाश अनेक ठिकाणी गळतो : लेसरमधून चिपमध्ये शिरताना, तरंगमार्गाच्या खडबडीत भिंतींवर, छेदनबिंदूंवर आणि शेजारून जाताना भेटणाऱ्या प्रत्येक वलयापाशी. एकूण घट २० डेसिबल झाली तर शंभरातला एकच हिस्सा पोहोचतो. म्हणजे सुरुवातीस १ मिलिवॅट प्रकाश हवा. लेसर घेतलेल्या विजेपैकी १० टक्के प्रकाशात बदलत असेल तर वीज लागली १० मिलिवॅट. तिला सेकंदाच्या १० गिगाबिटांनी भागले की दर बिटामागे १ पिकोज्यूल येतो.

आता आधीचा आकडा आठवावा. पुनरावर्धकांसह एक सेंटीमीटर तारेचा खर्चही तेवढाच, १ पिकोज्यूलच्या घरात होता. म्हणजे चिपच्या आत, सेंटीमीटरभर अंतरावर, प्रकाश आणि तांबे बरोबरीत सुटतात. आणि यात मॉड्युलेटर, वर्धक व तापक यांचा खर्च अजून धरलेलाच नाही.

याहून अडचणीची बाब अशी की तार काम नसेल तेव्हा जवळपास काहीच खात नाही. लेसर मात्र बिट असो वा नसो, जळतच राहतो. त्याला क्षणात बंद-चालू करणे सोपे नसते, आणि लेसर चिपबाहेर असेल तर ते आणखी कठीण. कोअरमधील वाहतूक तर पावसाळी ओढ्यासारखी : मधूनच लोंढा, एरवी कोरडी. जोडणी दहा टक्के वेळच वापरात असली तर उपयोगी बिटामागचा खर्च १ वरून १० पिकोज्यूलवर जातो. शिवाय घट डेसिबलमध्ये वाढते, तर लेसरची शक्ती पटीत. कोअर वाढले की वलये वाढतात, वलये वाढली की घट वाढते. घट आणखी १० डेसिबलने वाढली, तर लेसरला दसपट वीज द्यावी लागते. मोठे जाळे प्रकाशासाठी अनुकूल असेल असा आपला सहज समज होतो. या हिशेबात तो टिकत नाही.

तांब्याच्या बाजूनेही दरम्यान बरेच घडले. कोअर शेजाऱ्याशीच बोलतील अशी कामाची वाटणी केली तर तार लहान राहते, आणि लहान तारेला प्रकाश कधीच मागे टाकू शकत नाही. सेरेब्रास या कंपनीने २०१९ मध्ये जवळजवळ संपूर्ण सिलिकॉन चकतीचीच, ४६,२२५ चौरस मिलिमीटरची, एक चिप केली. तिच्यावर चार लाख कोअर आहेत आणि त्यांच्यातील सर्व दळणवळण धातूच्या तारांनीच चालते.

चिपच्या कडेवर :

प्रकाश आज जेथे पोहोचला आहे ती जागा म्हणजे चिपची कड. २०१५ मध्ये एमआयटी, बर्कली आणि कोलोराडो विद्यापीठांतील संशोधकांनी प्रकाशाने थेट संवाद साधणारा प्रोसेसर प्रत्यक्ष चालवून दाखवला. ७ कोटी ट्रान्झिस्टर आणि ८५० प्रकाशीय घटक एकाच चिपवर होते. त्यातील लक्षणीय गोष्ट अशी की प्रचलित ४५ नॅनोमीटर निर्मितीप्रक्रियेत त्यांनी काहीही बदल केला नाही. ट्रान्झिस्टरसाठी आधीच वापरात असलेले सिलिकॉन-जर्मेनिअमच त्यांनी संवेदकासाठी योजले, आणि वलयांचे तापमान आपोआप सांभाळणारी मंडलेही चिपवर बसवली. मात्र या प्रोसेसरचे दोन कोअर एकमेकांशी प्रकाशाने बोलत नव्हते. प्रकाश होता तो प्रोसेसर आणि दुसऱ्या चिपवरील स्मृती यांच्यामध्ये. लेसरही बाहेरच होता.

ही निवड वर केलेल्या हिशेबाशी जुळणारी आहे. चिपबाहेर पडताच तांब्याची बाजू झपाट्याने कमकुवत होते. सर्किट बोर्डावरील तारेत उच्च वारंवारतेचा संकेत काही सेंटीमीटरांतच क्षीण होतो आणि त्याला सावरणारी मंडले दर बिटामागे कित्येक पिकोज्यूल घेतात. तेथे वाहतूकही सतत असते, त्यामुळे लेसर रिकामा जळत नाही. इंटेलने २०२४ मध्ये प्रोसेसरच्याच आवेष्टनात बसणारी प्रकाशीय चिप सादर केली. तिच्या ६४ वाहिन्यांतून प्रत्येक दिशेला प्रत्येकी सेकंदाला ३२ गिगाबिट, तंतूवरून १०० मीटरपर्यंत जाऊ शकतात. एन्व्हिडियाने मार्च २०२५ मध्ये जाहीर केलेल्या जाळे-स्विचांमध्ये तर सूक्ष्म वलय-मॉड्युलेटरच वापरलेले आहेत. लिप्सन यांच्या वलयापासून तेथवर येण्यास वीस वर्षे लागली. तरीही याच कंपनीने २०२४ मध्ये ७२ प्रोसेसर एका कपाटात जोडले तेव्हा पाच हजारांहून अधिक तांब्याच्या केबली वापरल्या होत्या, हेही विसरता येत नाही. कपाटाच्या आत तांबे, कपाटाबाहेर प्रकाश, अशी ती सीमारेषा होती. आणि आता ती चिपच्या दिशेने सरकते आहे.

ती चिपच्या आत, कोअरपर्यंत येईल का, हे संवेदकाच्या आकारावर बरेचसे अवलंबून आहे. मिलर यांनी २००९ मध्ये आणि पुन्हा २०१७ मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे संवेदकाची धारिता एक फेमटोफॅरड किंवा त्याहून कमी झाली आणि तो ट्रान्झिस्टरला अगदी चिकटून बसवता आला, तर मोजके फोटॉनही वर्धकाशिवाय ट्रान्झिस्टर चालवू शकतील. मग संवेदकापाशी १० मायक्रोवॅटची गरज उरणार नाही, आणि लेसरचा वर मांडलेला सगळा हिशेब त्याच प्रमाणात खाली येईल. प्रयोगशाळांतील सध्याचे बरेच काम जर्मेनिअमचा एवढा लहान कण सिलिकॉनवर नेमक्या जागी वाढवण्याभोवती फिरते आहे.